वकिलांच्या ऑफिसात क्लायंटच्या अमानतीचा मेळ दर महिन्याला तुटतो, तो कुठे आणि कसा शोधायचा

लक्षण असं आहे. महिनाअखेर टॅली म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडलं, क्लायंट खात्याचा, म्हणजे क्लायंटचे वकिलाकडे ठेवलेले पैसे ज्यात असतात त्याचा बँक बॅलन्स बघितला, मग क्लायंटच्या सगळ्या लेजरांची, म्हणजे प्रत्येकाच्या हिशेबाच्या पानांची बेरीज बघितली आणि दोन्हींत फरक. कधी ५९० रुपये, कधी दहा हजार, एकदा तर चक्क ८०,०००. मग रात्री दहापर्यंत बसून कुठलीतरी जर्नल नोंद मारायची, फरक सस्पेन्समधे, म्हणजे न लागलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात ढकलायचा, घरी जायचं, आणि पुढच्या महिन्यात तोच फरक किंवा त्याचा धाकटा भाऊ परत दारात उभा.

मी इंदूरला तीन वकिलांची खाती बघते, दोघं हायकोर्टाच्या बेंचला असतात आणि एक जिल्हा कोर्टात, त्याआधी तीन वर्षं विजयनगरच्या एका आउटसोर्सिंग ऑफिसात अमेरिकेतल्या लॉ फर्मांची बुक्स रात्रपाळीत लिहीत होते. तिकडे या प्रकाराला ट्रस्ट अकाउंट म्हणतात, इथे आमचे मुन्शीजी, म्हणजे वकिलाचे कारकून, त्याला अमानत म्हणतात आणि आपण मराठीत अनामत, शब्द एकच, आपण फक्त अक्षरं फिरवली. फौजदारीचे वकील 'अमानत में खयानत' म्हणतात ना, ती हीच अमानत, म्हणून हा फरक सस्पेन्समधे टाकून झोपायचा विषय नाही एवढं आधी डोक्यात ठेवा.

नियम काय म्हणतो ते दोन ओळीत सांगते, कारण पुढची सगळी सेटिंग त्यावरच उभी आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत वकिलाच्या क्लायंटबद्दलच्या कर्तव्यांमधे २५ नंबरचा नियम म्हणतो की क्लायंटच्या पैशाचा हिशेब ठेवा, किती आले, किती खर्च झाले, फीपोटी किती घेतले, तारखेसकट. २६ म्हणतो की पैसे फीचे आले का खर्चाचे ते नोंदीतच लिहा, आणि केस चालू असताना खर्चासाठी दिलेल्या पैशातला एक रुपयासुद्धा क्लायंटच्या लेखी संमतीशिवाय फीकडे वळवू नका. केस संपल्यावर उरलेलं ठरलेल्या फीत घेता येतं, ते २८. आणि क्लायंटने मागितली तर त्याच्या खात्याची कॉपी द्यावी लागते, नकलेचा खर्च तो देईल, तो नियम ३०.

आता बहुतेक ऑफिसात होतं काय, की टॅली लावून देणारा भैया कपड्याच्या दुकानाचं सेटिंग करून जातो. क्लायंट म्हणजे पार्टी, पार्टी म्हणजे सन्ड्री डेटर्स (ज्यांच्याकडून येणं आहे ते), आगाऊ आले पैसे की रिसीट टाका, फीचं बिल बनलं की त्याच लेजरला टाका, बॅलन्स आपोआप वळता होतो. दुकानाला हे छान आहे. वकिलाच्या ऑफिसात मात्र इथेच घोळ, कारण क्लायंटने कोर्ट फीसाठी दिलेले ४०,००० त्याच लेजरला जमा, तुमचं ३५,००० चं फीचं बिल त्याच लेजरला नावे, आणि स्क्रीनवर शिल्लक ५,०००. कोणी ठरवलं नाही, कोणी सही केली नाही, सॉफ्टवेअरने परस्पर खर्चाचे पैसे फीत वळवले. नियम २६ ज्याला नाही म्हणतो तेच हे, फक्त करणारा कुणी दिसत नाही.

म्हणून आधी हे तोडा. करंट लायबिलिटीजच्या, म्हणजे आपल्या देण्यांच्या खाली नवीन ग्रूप बनवा, नाव 'क्लायंट अमानत' ठेवा नाहीतर तुम्हाला आवडेल ते. त्यात प्रत्येक क्लायंटचं, खरं तर प्रत्येक केसचं वेगळं लेजर. एकाच माणसाचा वाटणीचा दावा असेल आणि चेक बाउन्सची केसपण असेल तर दोन लेजरं, कंटाळा करू नका, उद्या तो म्हणेल दाव्याचा हिशेब द्या तेव्हा तुम्ही चेकच्या केसचा तलवाना (समन्स बजावण्याची फी) त्यातून वेचत बसाल. फीसाठी त्याच क्लायंटचं दुसरं लेजर सन्ड्री डेटर्समधे राहू दे. दोन्हींची नावं अशी ठेवा की चुकून दुसरं निवडलं जाणार नाही, मी अमानतीच्या लेजराच्या नावाआधी 'अ' लावते, यादीत सगळी एका जागी येतात. ग्रूप बनवताना 'नेट डेबिट क्रेडिट बॅलन्सेस फॉर रिपोर्टिंग' असा एक प्रश्न असतो, तिथे नो ठेवा, का ते खाली येतंय.

बँकेत क्लायंटच्या पैशाचं खातंही वेगळं पाहिजे. आमच्या एका साहेबांनी दोन वर्षं टाळाटाळ केली, 'अहो ताई, लेजर वेगळं केलंय ना, मग खातं कशाला'. त्यांना मी होळकरांची गोष्ट सांगितली, इंदूरात ती कोणालाही पटते. दौलतीचा खजिना वेगळा आणि खासगी वेगळी, अहिल्याबाईंनी घाट-देवळं बांधली ती खासगीतून, दौलतीच्या पैशाला हात न लावता. हसले, पण खातं उघडलं.

आता मूळ मुद्दा. लोक म्हणतात बँक आणि लेजरांची बेरीज जुळली की झालं. नाही झालं, आणि माझे पहिले सहा महिने यातच गेले. एक हिशेब लिहून दाखवते, आकडे मनचे आहेत पण प्रकार रोजचा.

रामबागेतला एक दावा, क्लायंटने कोर्ट फी आणि खर्चाला १,५०,००० दिले. दुसरी चेक बाउन्सची केस, खर्चाला २०,०००. तिसरीत समझोता झाला, समोरच्या पार्टीने ३,००,००० आपल्या क्लायंटसाठी वकिलांच्या खात्यात टाकले. एकूण ४,७०,०००. मग दाव्याची कोर्ट फी भरली १,१२,०००. आणि चेकच्या केसमधे नोटीस, तलवाना, नकला, टायपिंग, दोनदा बाहेरगावची पेशी, म्हणजे कोर्टाची तारीख, असं करत मुन्शीजींनी २६,५०० खर्च केले. बँकेत उरले ३,३१,५००. लेजरं बघा: दावा ३८,००० जमा, समझोता ३,००,००० जमा, चेक केस ६,५०० नावे. बेरीज ३,३१,५००. जुळलं! पैशापैशाने जुळलं. आणि तरी चूक आहे, कारण चेकवाल्याचे २०,००० कधीच संपले, वरचे ६,५०० दाव्यावाल्याच्या नाहीतर समझोत्यावाल्याच्या पैशातून गेले. उद्या दोघांनी एकाच दिवशी पैसे मागितले तर ३,३८,००० द्यायचेत आणि खात्यात साडेसहा हजार कमी.

ग्रूपची एकच बेरीज बघितली तर हे कधीच दिसणार नाही, आणि वरच्या त्या नेटच्या प्रश्नाला यस असेल तर बॅलन्स शीटमधेही एकच आकडा येतो, नावे बाकी जमेच्या पोटात गुडूप. म्हणून दर महिन्याला ग्रूप समरी उघडा आणि फक्त डेबिटचा रकाना बघा. तिथे एक जरी नाव असलं तर बाकीचं सगळं सोडा, आधी ते. ऑफिसच्या खात्यातून तेवढे पैसे त्याच दिवशी क्लायंट खात्यात टाका, ते त्या केसच्या लेजरला जमा करा आणि तेवढीच रक्कम त्या क्लायंटच्या डेटर्समधल्या लेजरला नावे येऊ दे, म्हणजे मागणी कोणाकडे ते राहतं. मात्र बार कौन्सिलचा ३२ नंबरचा नियम वकिलाने आपल्याच केससाठी क्लायंटला उधार देऊ नये म्हणतो, तेव्हा ही भरपाई झालेली चूक सुधारायला आहे, पद्धत म्हणून नाही, क्लायंटला फोन लावून खर्चाचे पुढचे पैसे मागवा आणि ते येईपर्यंत त्या केसचा पुढचा खर्च थांबवा.

मुन्शीजींना हे समजावणं वेगळं काम आहे. त्यांच्या दृष्टीने क्लायंट खातं म्हणजे एक डबा, त्यात पैसे आहेत म्हणजे आहेत. मी आता सकाळी कोर्टात निघण्याआधी त्यांच्या हातात एक छोटा कागद देते, आजच्या पेशीवाल्या केस आणि प्रत्येकापुढे अमानतीत किती उरलेत ते. शून्य असेल तिथे शून्य. पहिल्या आठवड्यात 'मॅडम, आप भी ना' ऐकून घेतलं, आता तेच कागद मागतात.

बेरीजच जुळत नसेल तेव्हा फरकाचा आकडा नीट बघा, बऱ्याचदा तोच सांगतो कुठे जायचं ते.

फरक एखाद्या फीच्या बिलाएवढाच असेल तर समजा फीचं ट्रान्सफर अर्धंच झालंय. क्लायंटच्या संमतीने अमानतीतून फी घ्यायची म्हणजे टॅलीत दोन नोंदी लागतात, हे लोक विसरतात. एक कॉन्ट्रा, एफ४, क्लायंट खात्यातून ऑफिसच्या खात्यात पैसे. आणि एक जर्नल, एफ७, अमानतीचं लेजर नावे आणि त्याच क्लायंटचं डेटर्सचं लेजर जमा. कॉन्ट्रामधे फक्त कॅश आणि बँकाच येतात म्हणून क्लायंटचं नाव तिथे पडतच नाही, आणि पैसे सरकले की माणसाला वाटतं झालं काम. नुसती कॉन्ट्रा झाली तर बँक कमी आणि लेजरं जास्त, नुसती जर्नल झाली तर उलट, फीचे पैसे क्लायंट खात्यात पडून. हे दुसरंही चालणार नाही बरं का, 'आपलेच तर पैसे आहेत, राहू दे' म्हणून साहेब सोडून देतात आणि तीन महिन्यांनी कोणाला आठवत नाही त्यात आपले किती. मी दोन्ही नोंदींच्या नॅरेशनमधे, म्हणजे नोंदीखालच्या शेऱ्यात, एकच बिल नंबर लिहिते, बिल नंबरने शोधलं की दोन सापडल्या पाहिजेत, एक सापडली की तीच चूक.

५९० सारखा आकडा दिसला तर ते बँकेचे चार्जेस, ५०० वर १८ टक्के जीएसटी ९०. चेकबुक, चेक परतीचा दंड, मिनिमम बॅलन्स, काहीतरी असतं. ते कुठल्याही क्लायंटच्या माथी मारायचे नाहीत. बँकेला लिहून द्या की चार्जेस ऑफिसच्या खात्यातून कापा, काही शाखा करतात काही करत नाहीत. नाही करत तर अमेरिकन फर्मांची युक्ती वापरा, त्यांच्या अमेरिकन बार असोसिएशनच्या नमुना नियमांत १.१५ मधे ट्रस्ट खात्यात वकिलाने स्वतःचे पैसे मिसळायला मनाई आहे पण बँकेच्या चार्जेसपुरते ठेवायला मुभा आहे. मी अमानत ग्रूपमधे 'ऑफिस, चार्जेससाठी' असं लेजर ठेवून त्यात २,००० टाकलेत, चार्जेस त्यालाच नावे, संपत आले की परत भरायचे. व्याजाचंही तसंच, सेव्हिंग खातं असेल तर दर तिमाहीला व्याज येतं आणि ते परस्पर ऑफिसच्या उत्पन्नात जातं, तसं न करता वेगळं लेजर ठेवा आणि साहेबांकडून लेखी ठरवून घ्या ते कोणाचं. तिकडे बऱ्याच छोट्या रकमांचं एकत्र व्याज वकिलालाही मिळत नाही आणि क्लायंटलाही नाही, गरिबांच्या कायदेशीर मदतीकडे जातं, १९८१ मधे फ्लोरिडाने सुरू केलं ते.

फरक गोल आकड्यात असेल आणि क्लायंट कंपनी असेल तर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला टॅक्स बघा. ही सगळ्यात चिवट चूक, कारण इथे सगळ्यांनाच आपलं बरोबर वाटतं. समजा फी ६०,००० आणि पुढच्या खर्चाला ४०,०००, कंपनीच्या अकाउंटंटने सगळ्या लाखावर १० टक्के कापले आणि ९०,००० पाठवले. आता आपल्या इथे कोणीतरी फीचे ६०,००० ऑफिसच्या खात्यात वळवतो, क्लायंट खात्यात राहिले ३०,००० आणि अमानतीच्या लेजरला उभे ४०,०००. फरक १०,०००. कापलेला टॅक्स हा वकिलांच्या नावावर जमा होतो, त्याचं क्रेडिट तेच रिटर्नमधे घेणार, म्हणजे तो भार फीच्या बाजूला यायला पाहिजे. तेव्हा अमानत पूर्ण ४०,०००, ऑफिसला वळवायचे ५०,०००, आणि १०,००० टीडीएस रिसिव्हेबल. कंपनीला फोन करून फीचं बिल वेगळं आणि खर्चाची मागणी वेगळ्या कागदावर द्यायला सुरुवात केली तर हे पुष्कळ कमी होतं, आमच्याकडे दोन कंपन्या ऐकतात, तिसरीचा अकाउंटंट 'हमारे यहाँ तो ऐसे ही होता है' म्हणतो.

८०,००० वाला किस्सा सांगायचा राहिला. शनिवारी समोरच्या पार्टीचा चेक आला, मी लगेच रिसीट टाकली, टॅलीत लेजर जमा दिसलं, सोमवारी क्लायंटला मुलीच्या लग्नाची घाई होती म्हणून साहेबांनी एनईएफटी सोडायला सांगितलं आणि मी सोडलं. मंगळवारी चेक परत. चेक बाउन्सच्या केस लढणाऱ्या ऑफिसात चेक बाउन्स, स्टाफने महिनाभर त्यावर चहा प्यायला. पण ते ८०,००० दुसऱ्या क्लायंटांचे गेले होते, साहेबांनी दुपारी स्वतःच्या खात्यातून भरले तेव्हा मला घोट गिळता आला. टॅलीला चेक वटला का नाही ते कळत नाही, तुम्ही बँक रिकन्सिलिएशनमधे, म्हणजे आपल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी ताडताना, बँकेची तारीख टाकाल तेव्हाच कळतं. आता माझा नियम, बँक डेट पडल्याशिवाय त्या पैशातून एक रुपया निघणार नाही, लग्न असो नाहीतर मुंज.

उलट्या बाजूचंही बघा, आपण क्लायंटला परतीचा चेक देतो आणि तो बँकेत टाकतच नाही. चेक तीन महिनेच चालतो, २०१२ पासून, त्यानंतर तो शिळा. रिकन्सिलिएशनमधे असे चेक वर्षानुवर्षं लोंबकळत असतात. तीन महिने झाले की चेकची नोंद उलटवून पैसे परत त्याच क्लायंटच्या लेजरला जमा करा आणि फोन करा.

आणखी एक फरक वर्षा-दीड वर्षाने उगवतो. लोकअदालतीत केस मिटली की भरलेली कोर्ट फी परत मिळते, कोर्टाने मध्यस्थीकडे पाठवून मिटली तरी मिळते. ती रक्कम येते तेव्हा केस बंद, लेजर शून्य, फाइल कपाटावर, मग ती कोणीतरी 'इतर उत्पन्न' मधे टाकतो. ती क्लायंटची आहे. लेजर परत उघडा आणि त्याला कळवा, पैसे आले की लवकर कळवायचं हाही नियमच आहे, २७ नंबरचा.

फरकाला २ ने भागून बघा, तेवढ्या रकमेची एखादी नोंद उलट्या बाजूला पडलेली असते. ९ ने पूर्ण भाग गेला तर आकडे उलटसुलट झालेत का बघा, ३८,००० चे ८३,००० झाले की फरक ४५,०००. आमच्या आजोबांच्या कीर्द-खतावणीतली ही युक्ती टॅलीतही तशीच चालते.

हे सगळं करूनही मागच्या महिन्यात जुळलेलं आज उघडल्यावर तुटलेलं दिसतं, त्याचं कारण बहुतेकवेळा मागच्या तारखेची नोंद. मुन्शीजी वीस दिवसांनी खिशातून चिठ्ठी काढतात, कोणीतरी प्रामाणिकपणे चिठ्ठीवरची तारीख टाकतो, बंद झालेला महिना हलतो. टॅलीत सिक्युरिटी चालू करून स्टाफच्या लॉगिनला मागच्या तारखांची मर्यादा घालता येते, ती घाला, आणि उशिरा आलेली चिठ्ठी आजच्या तारखेत घेऊन खरी तारीख नॅरेशनमधे लिहा. एडिट लॉगवालं टॅली असेल तर कोणी काय बदललं तेही दिसतं. शिवाय महिना जुळला की बँक स्टेटमेंट, रिकन्सिलिएशन आणि ग्रूप समरी, तिन्हींची पीडीएफ करून त्या महिन्याच्या फोल्डरमधे, म्हणजे पुढे तुटलं तर कुठलं लेजर हललं ते पाच मिनिटात कळतं.

एक गोष्ट टॅक्सची, थोडक्यात. जे वकील मिळालेल्या रकमेच्या ५० टक्के नफा धरून रिटर्न भरतात त्यांना ५० लाखांची मर्यादा आहे, रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांची. अमानत चुकून उत्पन्नात गेली तर ती मर्यादा विनाकारण जवळ येते आणि दुसऱ्याच्या कोर्ट फीवर साहेब टॅक्स भरतात. आमच्या त्या खातं-कशाला-वाल्या साहेबांना होळकरांपेक्षा हे जास्त पटलं होतं, खरं सांगायचं तर.

आता ज्यांच्याकडे जुनी बुक्स आहेत आणि कशाचं काही कळत नाही त्यांनी मागची पाच वर्षं खणत बसू नका. एक तारीख ठरवा, १ एप्रिल चांगली, प्रत्येक चालू केसची फाइल काढून अमानत किती उरली ते फाइलवरून काढा, ते ओपनिंग. बँकेत त्यापेक्षा कमी असेल तर तेवढे पैसे ऑफिसने भरायचे. जास्त असेल तर त्याला 'नाव न लागलेली जमा' म्हणून अमानत ग्रूपमधेच ठेवा, उत्पन्नात नाही. माझ्याकडे त्या लेजरात सुरुवातीला १८,००० च्या वर होते, पासबुकं आणि जुन्या पावत्या लावत लावत बाकी सगळ्यांना नावं लागली, १,३४० रुपये अजून आहेत. कोणीतरी यूपीआयने पाठवलेत, शेऱ्यात नुसतं 'पेशी' लिहिलंय.